४६/१६ सिंगल स्पीड बेळगावात जड जायलीय, मागं १८ घालू का २०?

सुळगा_ते_उद्यमबाग

नमस्कार मंडळी, जरा सल्ला पायजे होता. मी सुळग्यात राहतोय आणि उद्यमबागेत एका मशीन शॉपला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आहे. भाऊ पुणे सोडून बाहेर गेला तेव्हा त्याची सिंगल स्पीड सायकल माझ्याकडं टाकून गेला, म्हटलं पडून राहण्यापेक्षा कामाला न्यावी, पेट्रोल पण वाचतंय. पुढं ४६ दाते, मागं फ्रायव्हील (मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र) १६ चं, टायर ७००×२८, क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) १७० लिहिलंय, म्हणजे एमएम.

रस्ता म्हणजे सुळगा, हिंडलगा, मग कॅम्पातनं गोगटे सर्कलचा ओव्हरब्रिज, आरपीडी, तिसऱ्या गेटचा ब्रिज आणि उद्यमबाग. कॅम्पात झाडाखालनं मस्त पळतीय, तिथं काय तक्रार नाही. पण ब्रिज आला की सीटवर बसून होतच नाही, उभं राहून अंग टाकावं लागतंय, मागनं बस हॉर्न मारत असती आणि मी आपला डावीकडं उजवीकडं डुलत चाललोय. त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळी घरला येताना, दमलेला असतोय, पाठीला डब्याची बॅग, समोरनं वारं, तेव्हा तर एक एक पायडल मोजून मारल्यागत होतंय. रात्री उजवा गुडघा ठणकायलाय.

एक दुकानदार म्हणतोय १८ घाल, एक मित्र म्हणतोय सरळ २२ घाल, तिसरा म्हणतोय हे सगळं सोड आणि गिअरची सायकल घे (हे कृपा करून सांगू नका, गिअर नाही म्हणूनच ही आवडतीय, बिघडायला काय नाहीच तिच्यात). माझा प्रश्न एवढाच की १८ का २०? आणि २० घातलं तर सपाटीला नुसतेच पाय हवेत फिरल्यागत होणार का? का पुढचं चेनव्हील बारकं करावं?

आटे_आणि_दाते

भावा मी पण उद्यमबागेतलाच, त्यामुळं आकड्यातच बोलूया, तुला पण बरं पडंल.

४६ भागिले १६ म्हणजे २.८७५. म्हणजे पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक २.८७५ वेळा फिरतंय. आता ७००×२८ चा घेर धर २ मीटर १३ सेंटीमीटर (खात्री करायची असेल तर टायरला खडूची रेघ मार, सायकलवर बस, चाकाचा एक फेरा पुढं जा आणि फरशीवरचं अंतर टेपनं मोज, बसूनच मोजायचं कारण वजनानं टायर थोडा दबतोय). म्हणजे तुझी सायकल पायडलच्या एका फेऱ्याला ६.१ मीटर पळतीय. मागं १८ घातलं तर ५.४५ आणि २० घातलं तर ४.९. हा एकच आकडा लक्षात ठेव, इंटरनेटवर गिअर इंच न काय काय असतंय त्याच्या नादाला लागू नको, एका फेऱ्याला किती मीटर हे कुणाला पण कळतंय.

ह्याच आकड्याला ४.८ नं गुणलं की मिनिटाला ८० फेऱ्यांनी ताशी किती किलोमीटर जातंय ते मिळतं. १६ ला साडेएकोणतीस, १८ ला सव्वासव्वीस, २० ला साडेतेवीस. आता तूच सांग, आरपीडीपासनं तिसऱ्या गेटपर्यंत ऑफिस सुटायच्या वेळेला ताशी २९ नं कोण जातंय? बुलेटवाला पण जात नाही. म्हणजे तुझा गिअर ज्या स्पीडसाठी आहे तो स्पीड तुझ्या रस्त्यात जवळजवळ कुठंच नाही, आणि म्हणून तू पूर्णवेळ हळू पाय फिरवून जोर लावायलास.

ब्रिजचं बघूया. चढ समजा ४ टक्के धरला, म्हणजे २५ मीटरला १ मीटर. तू, सायकल आणि डबा मिळून ९० किलो धरलं तर पुढं सरकायला साधारण ४० न्यूटन लागतात, त्यात टायरची घासण आली, हवेचा विरोध त्या स्पीडला सोडून देऊया. हे पायडलवर आणलं तर १६ च्या फ्रायव्हीलला सरासरी २३-२४ किलोचा दाब, १८ ला २१, २० ला १९ च्या आसपास. सरासरी म्हणालो कारण पायडल वर आणि खाली असताना दाब जवळजवळ शून्य असतोय, म्हणजे मधे कुठंतरी ह्याच्या दीडपट तरी जातोच. ताशी १२ नं चढलास तर १६ ला मिनिटाला ३३ फेरे पडतात, २० ला ४१. एकूण ताकद दोन्हीकडं तेवढीच लागती बरं का, चढ काय कमी होत नाही, फक्त ती मोठ्या घासात घ्यायची का बारक्या घासात एवढाच प्रश्न आहे.

माझं मत २०. पण घाई करू नको, आधी एक दिवस कॅम्पातल्या सपाट रस्त्याला मोबाईलवर एक मिनिट लावून उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोज आणि इथं टाक.

कागवाडकर

मला वाटतंय उगंच खर्च करू नका. मी ४६/१६ च वापरतोय, कागवाडहून मिरजेला आठवड्यातनं तीन-चार वेळा जाणं असतंय, कधी त्रास नाही. पहिला महिनाभर पाय भरून येतात, मग सवय होती. २० घातलं तर लहान पोराच्या सायकलीगत पाय फिरतील नुसते, मागनं बायका स्कूटीवर पुढं जातील.

रोजची_टिळकवाडी

@कागवाडकर दादा, बायका स्कूटीवर असो नाहीतर सायकलवर, पुढं जाणारच, त्याची सवय करून घ्या 🙂

आणि तुमचा रस्ता कुठला आणि ह्यांचा कुठला! कागवाड, उगार, कुडची हा सगळा कृष्णाकाठ, उसाचा सपाट मुलूख, एकदा सायकल लागाला लागली की ट्रॅक्टर आडवा येईपर्यंत थांबायचं कारण नाही. तिथं ४६/१६ छानच चालणार. बेळगाव तसं नाही. इथं चढ मोठे नाहीत पण लहान लहान सारखे आहेत, आणि चढापेक्षा जास्त त्रास थांबण्याचा आहे हे कुणी बोलतच नाही. मी टिळकवाडीतनं कॅम्पात शाळेला जाते (शिकवायला, शिकायला नाही), साडेनऊच्या सुमाराला गोगटे सर्कलला पाय टेकवावाच लागतो, मग रिक्षा आडवी, मग पोलीस हात करतो, मग शाळेची पोरं रस्ता ओलांडतात. प्रत्येक वेळी शून्यापासनं सायकल उचलायची. जड गिअरला पहिली दोन पायडलं इतकी जोरात मारावी लागतात की सायकल वाकडी जाते आणि शेजारनं टेम्पो चाललेला असतो. माझी आधी जड होती, आता पुढं ४४ मागं २० आहे, सिग्नल सुटला की मी गाडीवाल्यांच्या आधी चौकाच्या मधोमध असते, तिथनं पुढं जाऊ देत त्यांना.

गुडघ्याचं मात्र आधी सीट बघा. चपलेची टाच पायडलवर ठेवून पायडल एकदम खाली नेलं की पाय सरळ व्हायला पाहिजे, मग नेहमीसारखा चवडा ठेवून चालवलं की गुडघ्यात थोडासा वाक राहतो, तो बरोबर. भावाची सायकल आहे म्हणालात, भाऊ बुटका असेल तर सीट त्याच्या मापाचीच राहिली असणार. सीट खाली असली की कुठला पण गिअर गुडघ्यालाच लागतो. आणि सीट वर करून, गिअर हलका करून पण दुखत राहिलं तर डॉक्टरला दाखवा, इथं विचारत बसू नका.

खानापूरचा_काका

मजा वाटायला लागली तुमचं सगळं वाचून. आमच्या वेळी दाते मोजायची पद्धत नव्हती, सायकल म्हणजे २८ इंची काळी, पुढं दिवा, मागं कॅरियर आणि घोडा. ती अजून आहे माझ्याकडं, रोज सकाळी दूध आणायला बाहेर काढतो. तुमच्या चर्चेपायी आज मुद्दाम चेनकव्हर उघडून दाते मोजले, पुढं ४४, मागं १८. दोनदा मोजले कारण ग्रीसनं बोटं काळी झाल्यावर कुठनं सुरू केलं तेच विसरलो, मग खडूनं खूण केली.

ह्याच सायकलवर दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावून माणसं गावोगाव हिंडली, डबल सीट बायकोला घेऊन जत्रेला गेली. तेव्हा ४४/१८ मध्ये काहीतरी राम असणारच ना? फक्त एक सांगतो, चढ आला की आम्ही खाली उतरून हातानं ढकलत न्यायचो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटायचा नाही. आताच्या पोरांना उतरायची लाज वाटते म्हणून गुडघे दुखतात.

आटे_आणि_दाते

काका एक नंबर काम केलं तुम्ही. तुमच्या २८×१½ च्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास येतोय, ४४/१८ म्हणजे २.४४, गुणाकार केला तर एका फेऱ्याला साडेपाच मीटर. आणि ह्याच्या सायकलला ४६/१८ घातलं तर किती? ५.४५. म्हणजे त्या दुकानदारानं सांगितलेलं १८ म्हणजे सरळ काकांची दुधाची सायकल झाली. चाक बारकं पण चेनव्हील मोठं, हिशोब तिथंच येऊन थांबला. नुसतं ४४/१८, ४६/१६ असं बोलण्यात म्हणूनच अर्थ नसतोय, चाकाचा घेर धरल्याशिवाय दोन सायकली शेजारी लावून बघता येत नाहीत.

आता मी माझ्या २० वरनं थोडा मागं सरकायला तयार आहे. साडेपाच मीटर हा आकडा कुणी कागदावर काढलेला नसेल पण लोकांनी वापरून वापरून पक्का केलाय, ओझं नेता येतंय आणि सपाटीला अगदीच रांगत नाही. पण त्या सायकलवर माणूस ताठ बसून ताशी १४-१५ नं जायचा आणि चढाला उतरायचा. हा ब्रिजवर उतरणार का, बसच्या पुढं?

सुळगा_ते_उद्यमबाग

सगळ्यांना थँक्यू, एवढे लोक बोलतील वाटलं नव्हतं.

मोजलं दादा. कॅम्पात सपाटीला मिनिटाला ६२ भरलं, म्हणजे तुमच्या हिशोबानं ताशी २३ च्या जवळपास. ब्रिजवर मोजायला जमलं नाही, श्वास मोजू का पाय. सीट खरंच खाली होती ताई, जवळजवळ दोन बोटं वर घेतली, भाऊ बुटकाच आहे (त्याला सांगू नका). ठणका थोडा कमी वाटायलाय पण गेला नाही.

काका, उतरायला लाज नाही वो, पण ब्रिजच्या कडेला चालायला जागा तरी कुठं हाय, आणि पंचिंग चुकलं की अर्धा दिवस कापतात.

आता एक डोक्यात आलंय, हसू नका. शॉपमध्ये व्हीएमसी हातात आहे, ३ एमएमची प्लेट पडलेली असतीय, ४२ दात्यांचं चेनव्हील स्वतःच काढलं तर? प्रोग्राम काय अवघड नाही. मागचं १६ च ठेवायचं.

शहापूरचा_मिस्त्री

साहेबांनी बघितलं तर चेनव्हील पण जाईल आन् नोकरी पण.

हिशोब कर की. ४२/१६ म्हंजे २.६२, मागं १८ घातलं तर २.५५. पुढं चार दाते कमी करून पण मागच्या दोन दात्याएवढं होईना. मागचा एक दाता म्हंजे पुढचे अडीच दाते असं आमचा धंद्यातला अंदाज आसतोय. फ्रायव्हील स्वस्त, काढघाल पाच मिनटाची, चेनव्हीलला क्रँक काढा, बोल्टाचं माप बघा, काही सायकलीला तर ते क्रँकला रिबिट मारून बसवलेलं आसतंय, निघतच न्हाई. गिऱ्हाईक आलं की मी कायम मागनं सुरू करतो.

आन् ३ एमएमचा दाता म्हणलास तर तुझी चेन कुठली हाय ते बघ. १/८ इंची रुंद चेन आसेल तर ३ एमएमवर बसंल, ३/३२ इंची बारीक आसेल तर दात्यावर चढून बसंल पण खाली उतरणार न्हाई. रुंद चेन बारीक दात्यावर चालती, बारीक चेन जाड दात्यावर चालत न्हाई, एवढं ध्यानात ठेव. फ्रायव्हील घेताना पण हेच बघायचं.

१८ आन् २० दोन्ही कुठं पण मिळतंय. २२ मिळतंय पण तुला नको, ते पोरांच्या आन् माल वाहायच्या सायकलीला.

शिनोळी_अप_डाऊन

मी उलट्या दिशेचा. घर बेळगावात, काम शिनोळीत, म्हणजे रोज हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची करत महाराष्ट्रात जातो आणि संध्याकाळी कर्नाटकात परत. ह्या सुळग्याच्या भाऊच्या घरावरनंच जातो म्हणायचं. पाट्यांची भाषा बदलती, खड्डे तेवढेच राहतात.

तुम्ही सगळे ब्रिज ब्रिज करायलाय, पण त्यानं स्वतःच लिहिलंय की घरला येताना वारं असतंय, ते कुणी धरलंच नाही. ब्रिज किती लांब असतोय, दोन-चार मिनिटात संपतोय, उभं राहून मारला तरी चालतंय. वारं संपत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडं वारं पश्चिमेकडनं येतंय, घाटावरनं थेट, आणि माझी शिनोळी पश्चिमेला. म्हणजे सकाळी जाताना ताज्या पायांनी समोरचं वारं आणि संध्याकाळी दमल्यावर पाठीवर, देवानं माझ्यासाठी ठरवून केल्यासारखं. ह्याचं नेमकं उलटं आहे. सकाळी वाऱ्याबरोबर उद्यमबागला जातोय, तेव्हा ४६/१६ पण हलकं वाटतंय, आणि संध्याकाळी दिवसभर मशीनसमोर उभं राहून झाल्यावर तेच वारं तोंडावर, वर रेनकोट फुगलेला. रेनकोट घालून समोरच्या वाऱ्यात ताशी २३ नं जाऊन दाखवा कुणीतरी. हिंडलगा सोडला की उघडं शेत आहे, आडोसा म्हणून काही नाही.

तेव्हा माझ्या मते गिअर ठरवायचा तो कॅम्पातल्या सकाळवरनं नाही, जुलैतल्या संध्याकाळवरनं. सकाळी पाय थोडे जास्त फिरले म्हणून कुणी मेलं नाही. माझ्याकडं ७००×३२ ला ४४/१८ आहे आणि जुलैत ते पण जड होतंय, २० घालायचं मनात आहे.

आता महत्त्वाचं. सायकल पुण्यातली फॅशनवाली सिंगल स्पीड आहे म्हणजे मागचं हब (चाकाच्या मधला भाग) दोन्ही बाजूला आट्याचं असण्याची बरीच शक्यता आहे, एका बाजूला फ्रायव्हील आणि दुसरी बाजू रिकामी. बघ जरा. तसं असेल तर भांडणच मिटलं. एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला २०. पाऊस लागला की चाक फिरवून २० ची बाजू चेनला, दसऱ्याच्या पुढं परत १८.

आटे_आणि_दाते

वाऱ्याचं मी धरलं नव्हतं, आणि त्यात मुद्दा आहे. चढाला स्पीड कमी झाला की ओढ तेवढीच राहते, पण समोरच्या वाऱ्याला जोर वाऱ्याच्या आणि तुझ्या स्पीडच्या बेरजेच्या वर्गानं वाढतोय, त्यामुळं तिथं हट्टानं स्पीड टिकवायला गेलं की पायाचा भुगा. हलक्या गिअरवर माणूस आपोआप स्पीड सोडतोय आणि पाय फिरत राहतात.

६२ चा आकडा पण बघा. ताशी २३ लाच १८ वर ७० होतात आणि २० वर ७७-७८. म्हणजे २० घातलं तरी "हवेत पाय" वगैरे काही होणार नाही, ८० पर्यंत नवशिक्या माणसाला पण आरामात जमतं, सुरुवातीचा आठवडा थोडं विचित्र वाटेल एवढंच. उताराला मिनिटाला १०० फिरवलं तर २० वर ताशी साडेएकोणतीस, १८ वर ३३ च्या आत. त्याच्या वर पाय थांबव, फ्रायव्हील आहे की, आपोआप पळंल.

निपाणीकर

आमच्याकडं कुणी विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं, कारण निपाणीच्या भोवती कुठं पण जायचं म्हटलं की चढ आलाच. स्तवनिधीचा घाट ४४/१८ वर काढणारी माणसं बघितलीत मी, पण ती तरणी होती आणि वर जाऊन देवळापाशी आडवी झाली होती. घाटासाठी सिंगल स्पीडचा गिअर नसतोय, कुणी सांगितलं तरी खरं मानू नका, ढकला. तुमच्या बेळगावच्या ब्रिजला २० भरपूर झालं.

कागवाडकर

बरं बाबा हरलो, तुमचं गाव चढाचं, आमचं उसाचं. पण उद्या कागवाडला बदली झाली तर परत १६ घाला.

सुळगा_ते_उद्यमबाग

चाक काढून बघितलं, हब दोन्ही बाजूला आट्याचंच आहे!! रिकाम्या बाजूला आटे आहेत आणि त्याच्या बाहेर अजून एक बारीक पायरी, तिथं पण आटे. म्हणजे १८ आणि २० दोन्ही घेतो, पाऊस तोंडावर आहे म्हणून पहिल्यांदा २० च्या बाजूनं सुरू करतो.

मिस्त्री मामा, तीन प्रश्न. त्या पायरीच्या बाजूला फ्रायव्हील बसतंय का? १६ वरनं २० ला गेलं तर चेन पुरंल का? आणि जुनं १६ चं काढायचं कसं, पकडीनं फिरवलं तर नुसतं कर्र कर्र करत फिरतंय.

शहापूरचा_मिस्त्री

पकडीनं निघत न्हाई, दाते मोडशील. फ्रायव्हीलच्या मधे खाचा आसतात, दोन न्हाईतर चार, त्या खाचात बसणारा पाना घे, माप जुळलंच पायजे, ढिला पाना खाचा खाऊन टाकतोय आन् मग छिन्नी मारत बसावं लागतंय. पाना खाचात बसवून वरनं एक्सलचा नट हलका लाव म्हंजे पाना उडणार न्हाई. तुमच्या शॉपला व्हाइस आसंलच, पाना खाली व्हाइसमधे धर, चाक आडवं वर, आन् दोन्ही हातानी रिम धरून वरनं बघून घड्याळाच्या उलट फिरव. पायडल मारून मारून ते घट्ट बसलेलं आसतंय त्यामुळं पयला झटका जोरात लागंल, सुटलं की लगेच नट काढ. नवं घालताना आट्याला ग्रीस लाव आन् हातानंच आवळ, बाकीचं पायडल मारताना आपोआप आवळतंय. आटे तिरके चढवू नकोस, ॲल्युमिनियमचं हब आसंल तर एकदा खाल्ले की हब गेलं.

पायरीची बाजू ही फिक्स गिअरची, म्हंजे चाकाबरोबर पायडल पण कायम फिरत ऱ्हातंय ती. त्येच्यावर फ्रायव्हील चढतंय, आट्याचं माप त्येच आसतंय, फक्त आटे कमी मिळतात. चार-पाच वेढे पकडत्यात का बघ. त्या बाजूला २० लाव, पावसाचे चार महिनेच वापरणार हाईस, १८ पुऱ्या आट्याच्या बाजूला.

चेनचं आसं हाय, मागं एक दाता वाढला की एक्सल सुमारे ३ एमएम पुढं सरकतंय. १६ चं १८ केलं तर ६ एमएम, २० केलं तर १२-१३ एमएम. आता तुझं एक्सल खाचेत कुठं बसलंय ते बघ. पुढं अर्धा इंच जागा आसेल तर हाय तीच चेन चालंल. नसेल तर एक इंच चेन वाढवावी लागंल, म्हंजे आतली एक बाहेरची एक आशी जोडी. १८ आन् २० मधे फरक ६ एमएमचाच, त्यामुळं एकदा २० ला जुळलं की चाक उलटं केल्यावर चेनला हात लावायचा न्हाई, नुसतं एक्सल मागं वढायचं.

पण चेन जुनी हाय का ते आधी बघ. स्टीलची पट्टी लाव, १२ इंचाला बरोबर २४ कड्या पडल्या पायजेत, पयली पिन शून्यावर ठेवली की पंचविसावी १२ वर. १/१६ इंच पुढं गेली आसेल तर चेन बदल, १/८ गेली आसेल तर पुढचं चेनव्हील पण खाल्लेलं आसणार. झिजलेल्या चेनवर नवीन फ्रायव्हील घातलं की जोर लावला का उडी मारती, आन् ती नेमकी ब्रिजवरच मारती. चेन आवळताना मधोमध बोटानं दाबून अर्धा इंच खालवर झाली पायजे, पायडल हळूहळू पुरं फिरवून जिथं सगळ्यात घट्ट लागती तिथं मोजायचं, चेनव्हील कधीच बरोबर गोल नसतंय.

रोजची_टिळकवाडी

आणि चाक पुढं घेतल्यावर मागचा ब्रेक?

शहापूरचा_मिस्त्री

हां ताई बरोबर. चाक पुढं सरकलं की रिम वर जाती आन् ब्रेक शू रिमच्या खालच्या कडेला येतोय, आजून खाली गेला तर ताराकडं निसटतोय. शूचा बोल्ट ढिला करून थोडा वर घे, मधोमध रिमवर. परत १८ ची बाजू लावशील तेव्हा उलटं, शू टायरला घासतोय का बघायचं, टायरची बाजू दोन दिवसात फाडतोय. चाक फिरवलं की ब्रेक बघायचाच, तो बघितल्याशिवाय ब्रिज उतरायचा न्हाई.